मदत हवी आहे: 'चौरस आहार' मधला चौरस म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय. शाळेत सप्टेंबरचा पोषण महिना चालूये, लेकीला तक्ता करून न्यायचाय. तिनं वर मोठ्या अक्षरात 'चौरस आहार' लिहिलं आणि खाली चक्क चौकोनी ताट काढलं, त्यातली कडक भाकरी पण चौकोनी. मी हसले तर म्हणते मग चौरस म्हणजे काय ते तू सांग की. झालं, तिथंच अडकले.

सासरे म्हणाले सोपंय, चौ म्हणजे चार, चार रसांचं जेवण ते चौरस. पण रस तर सहा ना, मधुर आम्ल लवण कटु तिक्त कषाय (कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू, तो घोळ वेगळाच), मग उरलेले दोन कुठं गेले? तर म्हणतात, शेंगाचटणीत. आमच्यात वाद हरायला आला की चटणी मधे येते.

'सकस' कळतं, कस असलेलं ते सकस, रानाला पण आपण कसदार म्हणतोच. पण चौरस फुटातला चौरस आणि ताटातला चौरस एकच का वेगळे? का इंग्रजीतलं 'स्क्वेअर मील' उचललंय? उद्या तक्ता द्यायचाय, प्लीज लवकर सांगा.

प्रतिसाद १
ताई, रसाचा काही संबंध नाही बगा. मूळ शब्द चतुरस्र, चतुर् + अस्र, अस्र म्हणजे कोपरा, तो झिजून चौरस झाला. फुटातला आणि ताटातला एकच. पण संस्कृतात चतुरस्र म्हणजे नुसतं चौकोनी नाही, सगळ्या बाजूंनी प्रमाणात, नीटस असंही. कालिदासानं कुमारसंभवात पार्वतीच्या देहाला 'चतुरस्रशोभि' म्हटलंय, आता ती काय चौकोनी होती का? चतुरस्र अभिनेता म्हणतो त्यातलाच हा. म्हणजे भाकरी, डाळ, पालेभाजी, तेल, दूध, कुठलीच बाजू लंगडी नको.

प्रतिसाद २
स्क्वेअर मील अमेरिकेत १९व्या शतकात रूढ झालं, तिथं स्क्वेअर म्हणजे सचोटीचं, पुरेपूर. जहाजावरच्या चौकोनी ताटांवरनं आलं अशी गोष्ट फिरते, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

धागाकर्ती
थँक्यू दोघांना! ताट गोल केलं, भाकरी मात्र ती खोडू देईना. सासऱ्यांना कालिदास सांगितला तर म्हणाले, त्याच्या काळात इकडं शेंगा तरी होत्या का?