फोटोत गांधीलमाशीचा डोळा शार्प येतो, मिशा धूसर होतात. मदत हवी आहे

मंडळी, आठवडाभर बागेतल्या एका गांधीलमाशीच्या मागे आहे. कुंपणाच्या जुन्या लाकडावर ती रोज येते, जबड्याने लाकडाचे तंतू खरवडते, चावून त्यांचा लगदा करते आणि पोळ्यासाठी घेऊन जाते. त्या दोन-तीन मिनिटांत ती इतकी गुंग असते की जवळ जाता येतं.

१०० मिमी मॅक्रो लेन्स, फुल फ्रेम कॅमेरा, १:१ मॅग्निफिकेशन (सेन्सरवर तिची प्रतिमा खऱ्या आकाराएवढी). एफ/११ ला (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) जेमतेम सव्वा मिलिमीटर भाग फोकसमध्ये राहतो. दोन मोठ्या डोळ्यांच्या मधोमध, कपाळावर, तीन बारीक साधे डोळे असतात. ते काल पहिल्यांदा स्वच्छ दिसले, फार आनंद झाला! पण मिशा आणि पंख पार धूसर. एफ/१६ केलं तर डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळाच फोटो मऊ पडतो, कारण १:१ ला तो प्रत्यक्षात एफ/३२ सारखा वागतो.

फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फोटो एकत्र जोडणं) करून पाहिलं, पण खरवडताना तिचं डोकं सतत हलतं, त्यामुळे फ्रेम्स जुळत नाहीत. पहाटे गारव्यात ती सुस्त असते तेव्हा जमेल का? की थोडं मागे सरकून १:२ ला काढावा आणि नंतर क्रॉप करावा?

दुसरं म्हणजे फ्लॅश. तिच्या चकचकीत अंगावर पांढरे डाग पडतात. डिफ्युझर (फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) किती मोठा आणि किती जवळ ठेवता? लेन्सपासून ती फक्त १४-१५ सेंमीवर असते.

तिला पकडून किंवा फ्रिजमध्ये ठेवून फोटो काढायचा नाही, तेवढं सोडून काहीही सुचवा.