आई-बाबांना घेऊन जपानला: शाकाहारी जेवणाची सोय कशी करावी?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन जपानला निघालोय. आधी टोकियो, मग क्योतो, जमलं तर कोयासान हे डोंगरावरचं मठांचं गाव. दोघंही सत्तरीच्या पुढची. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. बाबांना रात्री भात लागतोच. मागे युरोपला टूर कंपनीबरोबर गेलो तेव्हा रोज तेच पनीर आणि तोच जिरा राईस खाऊन दोघं विटून गेली, म्हणून या वेळी आपले आपणच जातोय. तिकडे ओळखीचं जेवण कुठे मिळेल? घरून काय न्यावं? इलेक्ट्रिक किटली आणि छोटा कुकर बरोबर घेऊ का?

चिंचेचंपान

गरम पाणी घालून होणारे उपमा-पोह्यांचे डबे भरपूर न्या. खाकरा, दाण्याची चटणी, मेतकूट. सकाळचा नाश्ता खोलीतच उरकला की निम्मी चिंता मिटते. बाकी टोकियोतलं कुणीतरी सांगेलच.

निशिकासाईकर

मी टोकियोच्या एदोगावा भागात राहते. सासू-सासरे, आई, मावशी, सगळ्यांची सरबराई इथेच केली आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

किटली आणू नका. इथली वीज १०० व्होल्टची. आपली २३० व्होल्टची किटली इथे जेमतेम पाचव्या हिश्श्याने तापते, चहाला आधण येईपर्यंत जीव जातो. विजेच्या कुकरचंही तेच. हॉटेलच्या खोलीत किटली असतेच. ॲल्युमिनियमचा साधा कुकर आणाल, तर तो इंडक्शनवर चालत नाही.

भारतीय हॉटेलांची यादी मी मुद्दाम देत नाही. इथली पुष्कळशी ‘इंडियन’ हॉटेलं नेपाळी कुटुंबं चालवतात. माणसं फार अगत्यशील, पण ताट ठरलेलं: थाळीबाहेर लोंबणारा गोडसर नान आणि तितकीच गोडसर करी. तुमच्या आई-बाबांना दुसऱ्याच दिवशी नको होईल. त्यापेक्षा शेगडी असलेलं अपार्टमेंट घ्या आणि रोज एक वेळचं जेवण घरी करा. वयस्कर माणसांना दिवसातून एकदा आपल्या हातचं गरम खायला मिळालं, की उरलेला दिवस ती आनंदाने हिंडतात. हे मी आमच्याकडे दरवेळी पाहिलंय.

टोकियोत उतरायचं तर निशिकासाईजवळ उतरा. मेट्रोच्या तोझाई लाइनने ओतेमाची हा ऑफिसांचा मध्यवर्ती भाग वीसेक मिनिटांवर. २००० सालाच्या सुमारास वाय-टू-केच्या (संगणकांतल्या सन २०००च्या तारखेच्या घोळाच्या) कामासाठी आलेले आपले इंजिनिअर इथे राहिले, कारण ऑफिसं याच लाइनवर. पुढे दुकानं आली, शाळा आली. २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक या मराठी माणसाला इथल्या लोकांनी एदोगावाच्या सभेवर निवडून दिलं. तूरडाळ, हिंग, पोहे, साबुदाणा, कणीक सगळं इथे मिळतं. टोकियोच्याच शिन-ओकुबो भागातही मसाल्यांची दुकानं खूप आहेत.

पण पहिल्या दिवशी आईंना भारतीय दुकानात नेऊ नका. कोपऱ्यावरच्या जपानी भाजीवाल्याकडे न्या. माझी आई तिथे इतकी रमली की तिला ओढून घरी आणावं लागलं! दायकोन म्हणजे मुळाच, पण मनगटाहून जाड आणि कमी उग्र. पाल्यासकट मिळाला तर सोडू नका, पाल्याची पीठ पेरून भाजी करा. कोमात्सुना ही पालेभाजी तर याच एदोगावातल्या कोमात्सुगावाची. लसूण-मिरचीची फोडणी देऊन झटकन परता, देठ कुरकुरीत राहू द्या. सातोइमो म्हणजे अळकुड्या. काबोचा म्हणजे लाल भोपळा, पण इतका पिठूळ आणि गोड की गूळ घालायची गरज नाही. एप्रिलमध्ये वसंतातला कोवळा कोबी येतो, तो नुसत्या वाफेवर शिजतो.

भातासाठी बासमती शोधू नका. इथला तांदूळ आखूड आणि चिकट, आपल्या इंद्रायणीच्या जवळचा. पाणी थोडं जास्त घालून मऊ शिजवा. बिनमिठाचं लोणी आणून मंद आचेवर कढवा, बेरी तांबूस झाली की उतरवा. वाफाळता भात, त्यावर मेतकूट, हे तूप आणि मीठ. बाबांची रात्रीची काळजी मिटली म्हणून समजा.

बाहेर खाताना दाशीकडे, म्हणजे सूप-रश्श्यांच्या मूळ अर्काच्या पाण्याकडे, लक्ष ठेवा. मिसो सूपमध्ये डोळ्यांना टोफू आणि समुद्री शेवाळ दिसतं, पण ते पाणी बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं असतं, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाच्या सालप्यांचं. सोबा-उदोन या नूडल्सचा रस्सा आणि तेम्पुराची, म्हणजे जपानी भज्यांची, चटणीही तशीच, शिवाय तेम्पुराच्या पिठात बहुधा अंडं असतं. जपानी करीच्या वड्यांत बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. ‘मांस-मासे नको’ एवढं सांगून भागत नाही. अंडं आणि माशाची दाशीही चालत नाही, असं जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवा. नुसत्या मिठाचा ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, आईंना चालेल, पण पाकिटावरचं फोनने वाचून मगच घ्या.

ताजा कढीपत्ता, मिरच्या, फळं, तांदूळ, कडधान्यं आणू नका. त्यांना भारतातून रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावरच काढून घेतात. मसाले कंपनीच्या बंद पाकिटातले आणा.

शेवंती

एक महत्त्वाचं. सिंगापूर किंवा दुबईला मध्ये उतरणार असाल, तर सामानात खसखस अजिबात नको. दोन्हीकडे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. सुटी खसखस कुणी नेत नाही, पण घरचा गोडा मसाला, अनारसे, डिंकाचे लाडू यांत ती असते हे लक्षात राहत नाही. मी सिंगापूरला राहते, येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी फोन करून सांगते.

मुठाकाठ

ताई, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, ती आत्तापासून मेतकुटाच्या तयारीला लागली आहे. गोडा मसाला घरीच ठेवतो. दोन गोष्टी राहिल्या. आई एकादशी मोडत नाही आणि सहलीत एक एकादशी येतेय. आणि कोयासानला मठात राहिलो तर तिथलं जेवण तिला चालेल का?

निशिकासाईकर

एकादशीची काळजी नको, जपानमध्ये उपवास छान होतो. याकिइमो म्हणजे भाजलेलं रताळं. सुपरमार्केटच्या दाराशी तापलेल्या खड्यांवर ठेवलेलं असतं. साल काळपट, आत केशरी-पिवळं, मधासारखा पाक सुटलेला. चिबाचे शेंगदाणे इथे नावाजलेले आहेत, ते घेऊन कूट करा. साबुदाणा निशिकासाईला घ्या. बटाट्यात दानशाकु जात मागा, पिठूळ असते, उपासाच्या भाजीला उत्तम. सैंधव तेवढं घरून आणा.

कोयासानला जरूर जा. हे ठिकाण नवव्या शतकात कूकाई या बौद्ध भिक्षूंनी वसवलं, आणि तिथल्या मठांत राहणाऱ्यांना शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण, वाढतात. मांस, मासे, अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. दाशी कोंबू शेवाळ आणि शिताके अळंब्यांची. लाल-काळ्या लाखेच्या छोट्या वाट्यांतून तिळाचा गोमा-दोफू, गोठवून वाळवलेला कोया-दोफू, भाज्या, लोणचं आणि भात येतो. माझ्या सासूबाई अशा जेवणाला सोवळ्यातलं म्हणतात, आणि त्यांनी ते आनंदाने खाल्लं. तरी बुकिंग करतानाच आईंचं पथ्य कळवा. जेवण संध्याकाळी लवकर, साडेपाच-सहाला असतं, तेव्हा उशिरा पोहोचू नका. आणि मठातला मुक्काम एकादशीच्या दिवशी धरू नका, कारण त्या ताटात भात आणि सोयाबीन असतंच.