मदत हवी आहे: वर्ग शांत होईपर्यंत तास संपतो

शाईचा_डाग:
नमस्कार. इथे बरेच शिक्षक आहेत म्हणून थेट विचारते. माझा एक वर्ग अजिबात आवरत नाही. समजावून झालं, ओरडून झालं, शिक्षा करून झाली. मुख्याध्यापक म्हणतात तुमचा वचक नाही. बाकीच्या तुकड्यांत तोच धडा व्यवस्थित होतो, इथे अर्धासुद्धा होत नाही. अभ्यासक्रम मागे पडलाय, परीक्षा तोंडावर आहे. उद्या वर्गात जाऊन नक्की काय करू तेवढं सांगा. 'मुलांशी मैत्री करा' छापाचे सल्ले कृपया नकोत.

जुना_खडू:
कितवीचा वर्ग? पट किती? विषय कोणता? वर्गशिक्षिका तुम्हीच की फक्त विषयाला जाता? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

पहिला_बाक:
वचकच लागतो, मुख्याध्यापक बरोबर बोलतायत. नवीन वर्ग हातात आला की मी सुरुवातीला अजिबात हसत नाही. आधी घट्ट धरून नंतर सैल सोडता येतं, आधी सैल सोडलं की नंतर आवळता येत नाही.

समांतर_रेषा:
परीक्षा तोंडावर आलेली असताना आता 'सुरुवातीला हसू नका' सांगून त्यांना काय उपयोग?
ताई, माझा एकच प्रश्न. वर्ग सुटतो तो नेमका कोणत्या क्षणी? तुम्ही आत शिरता तेव्हा? फळ्यावर लिहिताना? वह्या काढताना? की शिकवणं रंगात असताना मध्येच?

प्रकाशझोत:
प्रोजेक्टर लावा. चित्रफीत सुरू झाली की मुलं आपोआप गप्प बसतात. कोणत्या धड्यासाठी हवी ते सांगा, माझ्याकडे भरपूर आहेत.

शाईचा_डाग:
प्रोजेक्टर नाहीये.
सातवी, पट ५२, विषय विज्ञान. मी वर्गशिक्षिका नाही. मधल्या सुट्टीनंतरचा तास असतो. आधीच्या मॅडम दीर्घ रजेवर गेल्या म्हणून हा वर्ग वर्षाच्या मध्यात माझ्याकडे आला.
@समांतर_रेषा, वर्गात शिरते तेव्हाच गोंधळ असतो. तो थांबवून वह्या वाटते, त्यात परत सुरू होतो. फळ्याकडे वळले की खिडकीजवळच्या रांगेतून बाकाखाली पाय घासल्याचा आवाज येतो, मी वळले की सगळ्यांच्या माना वहीत. तिथे एक मुलगा आहे, त्याला उभं केलं की वर्ग हसतो आणि त्याला आणखी चेव येतो. पण प्रश्न त्या एकट्याचा नाही.

जुना_खडू:
वर्ग वर्षाच्या मध्यात आला हे आधी सांगायला हवं होतं, ताई! मुलांना आधीच्या मॅडमची पद्धत अंगवळणी पडलेली असते. तुमची पद्धत त्यांना कुणी शिकवलीय का? आत आल्यावर काय करायचं, वही कधी काढायची, पाणी प्यायला कसं विचारायचं, हे सगळं धड्यासारखंच शिकवावं लागतं. सांगून भागत नाही, करून घ्यावं लागतं.

कोपऱ्यातला_बाक:
रांगा मोडा. चार-चार जणांचे गट करून बाक समोरासमोर लावा. माझ्या वर्गाचा कायापालट झाला. मुलं एकमेकांना शिकवतात, शिक्षकाने ओरडायची वेळच येत नाही.

समांतर_रेषा:
@कोपऱ्यातला_बाक, गटात बसायला माझा विरोध नाही, पण आत्ता या वर्गात नको. वान्नार्का आणि रूल यांनी २००८ मध्ये बैठकव्यवस्थेवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. मुलांनी एकेकट्याने काम करायचं असेल तेव्हा रांगा बऱ्या, आणि जास्त दंगा करणाऱ्या मुलांना त्याचा फायदा जास्त, असा त्याचा रोख होता. चर्चेचं काम असेल तेव्हा गट करा. फळ्यावरचं उतरवून घ्यायचंय आणि मुलं समोरासमोर, म्हणजे गप्पांना आमंत्रणच.

कोपऱ्यातला_बाक:
फळ्यावरचं उतरवून घेणं हाच मुळात प्रश्न आहे, बैठक नाही. विज्ञान उतरवून घ्यायचा विषय आहे का?

शाईचा_डाग:
तो वाद नंतर घाला ना, प्लीज. मला उद्याचं सांगा.

तारकांचा_तक्ता:
वर्गाचे दोन-तीन संघ करा. नियम मोडला की त्या संघापुढे फळ्यावर एक खूण. तासाच्या शेवटी खुणा ठरलेल्या आकड्याच्या आत असतील तो संघ जिंकला. सगळे आत राहिले तर सगळेच जिंकले, हे महत्त्वाचं, नाहीतर नुसती भांडणं होतात. माझ्या डोक्यातली कल्पना नाही ही. बॅरिश आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये चौथीच्या वर्गात करून पाहिलेला खेळ आहे, नंतर तो अनेक ठिकाणी वापरला गेला. बक्षीस म्हणून पाच मिनिटं आवडीचं काम दिलं तरी पुरतं.

उघडी_खिडकी:
बक्षिसांची सवय लावू नका हो. १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग वाचा. चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना 'काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल' असं आधी सांगितलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं चित्रांकडे कमी वळली. आवड होती तीच कमी झाली.

तारकांचा_तक्ता:
बरोबर, पण त्याच प्रयोगात ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांची आवड कमी झाली नव्हती, तेही सांगा. आणि त्या मुलांना चित्रं आधीपासून आवडत होती. गप्प बसायची आवड कुठल्या मुलाला असते, जी बक्षिसाने कमी होईल?

उघडी_खिडकी:
मग संघाला खूण मिळते ती एका मुलामुळे, आणि सुट्टीत सगळे त्याला धरतात, त्याचं काय? ताईंनी खिडकीजवळच्या मुलाचं लिहिलंय, तो लगेच खलनायक होईल.

वर्गाबाहेरची:
मी शिक्षिका नाही, पालक आहे, तरी लिहिते. माझी मुलगी अशाच एका वर्गात आहे. चार मुलं दंगा करतात आणि सगळ्या वर्गाला उभं राहायची शिक्षा होते. ती घरी येऊन म्हणते, मी गप्प बसले काय आणि बोलले काय, शिक्षा तीच. गेल्या महिन्यापासून तीसुद्धा बोलायला लागलीय. ताई, तुम्ही सरसकट शिक्षा करत असाल तर कृपया थांबवा.

शाईचा_डाग:
कधीकधी करावी लागते. कोण बोललं ते कळतच नाही तर काय करणार?

समांतर_रेषा:
खरी गाठ इथेच आहे. जेकब कौनिन यांनी चांगल्या चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या वर्गांचं चित्रण करून तुलना केली होती, १९७० मध्ये ते प्रसिद्ध झालं. आधी त्यांना वाटत होतं की फरक रागावण्याच्या पद्धतीत असेल. तसं निघालं नाही. दंगा झाल्यावर दोन्हीकडचे शिक्षक जे करत होते त्यावरून वर्गाबद्दल काही सांगता येईना. फरक होता तो दंग्याच्या आधी. चांगल्या वर्गातल्या शिक्षकाचं लक्ष सगळीकडे आहे हे मुलांना सतत जाणवत होतं, खरा सुरुवात करणारा पकडला जात होता, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वेळ रेंगाळत नव्हता.
तुमचं पाहा. वर्ग सुटतो ती तिन्ही ठिकाणं मधली आहेत: आत येणं, वह्या वाटणं, फळ्याकडे वळणं. शिकवताना सुटतो असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे शिकवणं चांगलं आहे, सांधे ढिले आहेत.
उद्यासाठी एवढं करा. मधल्या सुट्टीत जाऊन फळ्यावर एक छोटा प्रश्न लिहून ठेवा, कालच्या धड्यावरचा, दोन ओळींत उत्तर येईल असा. तुम्ही दारात उभ्या राहा, अर्धी नजर आत, अर्धी बाहेर. मुलं येतील तशी बसून लिहायला लागतील. वह्या तुम्ही वाटू नका. पन्नास वह्या एकेक नाव घेऊन वाटणं म्हणजे तेवढा वेळ वर्ग मोकाट. रांगेप्रमाणे गठ्ठे लावून पहिल्या बाकावर ठेवा, ते मागे सरकवतील. आणि फळ्याला पूर्ण पाठ करू नका. तिरकं उभं राहून दोन ओळी लिहा, वळा, प्रश्न विचारा, परत दोन ओळी.

जुना_खडू:
हे अगदी बरोबर. त्यात एक भर. प्रश्न विचारला की लगेच उत्तराची घाई करू नका. मेरी बड रो यांनी मोजलं तेव्हा शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही हात वर करतात. ५२ च्या पटात नाहीतर तीच पाच मुलं बोलतात, बाकीची दुसरं काहीतरी शोधतात.

गळा_जपा:
थोडं अवांतर. तुम्ही ओरडता असं लिहिलंय. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, १९११ मध्ये लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी हे नोंदवलं. तुम्ही चढवला की मुलं चढवतात, मग तुम्ही अजून. शेवटी घसा तुमचा बसतो. माझ्या आवाजाच्या गाठींवर उपचार झाले तेव्हा हे कळलं. पाणी जवळ ठेवा, आणि गोंगाटावरून बोलूच नका. हात वर करून थांबा.

पहिला_बाक:
हात वर करून थांबलं तर तास संपेपर्यंत थांबाल. असल्या वर्गात चालत नाही ते.

गळा_जपा:
आधी शिकवलं नसेल तर नाही चालणार. खूण ठरवून दोन-चार वेळा सराव घ्या, मग चालतं.

शाईचा_डाग:
फळ्यावर प्रश्न आणि वह्यांचे गठ्ठे, हे उद्याच करते. पण आमच्या वर्गात माझ्या आधीचा तास दुसऱ्या सरांचा असतो, फळा भरलेला असतो. आणि त्या मुलाचं काय करू? कुणीच सांगितलं नाही.

जुना_खडू:
फळ्याऐवजी प्रश्न कार्डशीटवर लिहून न्या आणि टांगा.
त्या मुलाला उभं करणं बंद. उभा केला की त्याला प्रेक्षक मिळतात, माघार घेतली तर त्याची लाज जाते, म्हणून तो माघार घेत नाही. शिकवत शिकवत त्याच्या बाकापर्यंत जा, बोलणं न थांबवता. वाकून, फक्त त्याला ऐकू येईल अशा आवाजात सांगा, "पहिले दोन प्रश्न सोडव, मी परत येते," आणि लगेच पुढे निघा. तिथे थांबून तो ऐकतोय का ते बघू नका. परत याल तेव्हा एक ओळ जरी लिहिली असेल तरी ती वाचा आणि त्याबद्दल बोला.

वर्गाबाहेरची:
आणि त्याच्या घरी फोन फक्त तक्रारीसाठी करू नका, ही पालक म्हणून विनंती.

उघडी_खिडकी:
त्याला फळ्यावरचं नीट दिसतं का, हे एकदा बघाल का? खिडकीच्या बाजूला उजेड पडून फळा चकाकतो, निम्मं वाचता येत नाही. मग मुलं पाय घासतात.

शाईचा_डाग:
हे तपासलं नाहीये. उद्या तास सुरू व्हायच्या आधी त्याच्या बाकावर बसून बघते.

प्रकाशझोत:
प्रोजेक्टर नसेल तर मोबाईलवरही चित्रफीत दाखवता येते, सांगा, पाठवतो.

समांतर_रेषा:
५२ मुलांना मोबाईलवर? नको हो.
ताई, सगळं एकदम बदलू नका. उद्या फक्त प्रवेश आणि वह्या. तो मुलगा किती नंबरच्या रांगेत बसतो आणि त्याच्या शेजारी कोण असतं, तेही लिहा.