घरमालकांना दुरुस्तीसाठी संयुक्त पत्र : मुदत कशी लिहावी?

आम्ही एकाच इमारतीतले काही भाडेकरू रखडलेल्या दुरुस्तीसाठी घरमालकांना पहिले लेखी पत्र देणार आहोत. वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची गळती आमच्या छतात मुरत असून गिलाव्याचे पोपडे पडले आहेत, एका ठिकाणी गंजून फुगलेली सळई उघडी पडली आहे आणि ओल आता स्विचबोर्डापर्यंत उतरली आहे. बोर्डाची खरी धास्ती वाटते, कारण घरात लहान मुले आहेत. तूर्त त्याचा वीजपुरवठा बंद ठेवला आहे.

तोंडी आणि मोबाइलवर वारंवार कळवूनही “बघतो” याखेरीज उत्तर मिळालेले नाही. भाडेकरार चालू आहे, त्यात मोठी दुरुस्ती मालकांकडे असल्याचे स्पष्ट लिहिले आहे, आणि सर्वांचे भाडे वेळेवर भरलेले असून पावत्या आहेत. भाडे अडवून धरण्याची आमची इच्छा नाही, कारण थकबाकीचे निमित्त करून घर सोडायला सांगितले जाण्याची भीती आहे. तारखेसह छायाचित्रे आणि आधीचे संदेश पत्राला जोडणार आहोत व पोचपावती घेणार आहोत.

अशी पत्रे लिहिण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे : बोर्डासाठी तातडीची आणि गळती व छतासाठी वेगळी, अशा दोन मुदती एकाच पत्रात द्याव्यात का, आणि मुदत उलटल्यास आम्ही स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू, हे पहिल्याच पत्रात लिहावे की स्मरणपत्रासाठी राखून ठेवावे?