मदत हवी आहे: फिल्टर पेपरवरची धूळ वाटेतच गळतेय

नमस्कार मंडळी,

नांदेडला एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. देगलूरकडच्या खडी क्रशरजवळची हवा फिल्टरवर ओढून धुळीतली अल्फा मोजणी (युरेनियम-थोरियमसारख्या किरणोत्सारी मूलद्रव्यांतून निघणारे अल्फा कण मोजणं) करायची, असा माझा प्रकल्प. मराठवाड्यात बहुतेक सगळीकडे काळा बेसाल्ट, त्यात युरेनियम-थोरियम कमीच. देगलूर-बिलोली पट्ट्यात मात्र ग्रॅनाइट उघडा आहे, म्हणून तिकडची धूळ.

४७ मिमीचा ग्लास फायबर फिल्टर आठ तास लावतो. क्रशरजवळ एवढ्या वेळात पांढऱ्या फिल्टरवर राखाडी थर साचतो. चिमट्याने काढून झिपच्या प्लास्टिक पाकिटात, पाकीट दप्तरात, आणि मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून दीड-दोन तास. घरी येऊन पाहतो तर पाकिटाला आतून धूळ चिकटलेली. परवा रिकामं पाकीट कापून आतली बाजू वर करून काउंटरखाली ठेवलं. बॅकग्राउंडपेक्षा (सॅम्पल नसतानाही काउंटर दाखवतो त्यापेक्षा) मोजणी चांगलीच वर! म्हणजे माझं सॅम्पल पाकिटातच राहतंय.

नुसतं वजन कमी झालं असतं तर हिशोबात धरलं असतं. पण गळतो तो वरचा सुटा थर, आणि अल्फा मोजणीला नेमका तोच सगळ्यात चांगला दिसतो. खालच्या कणांतून निघालेली अल्फा वरच्या धुळीतच अडकते. त्यामुळे वजन पाच टक्के घटलं तर मोजणीही पाचच टक्के घटेल, असं धरता येत नाही.

हवा प्रदूषणाचं काम करणारा एक मित्र म्हणाला, "धुळीची बाजू आत घेऊन घडी घाल." त्यांचे ८ बाय १० इंचाचे फिल्टर नुसते वजन करायचे असतात, त्यांना चालतं. मला फिल्टर सपाटच ठेवायला लागतो. लॅबमधल्या एका सिनियरने हेअर स्प्रे मारायला सांगितलं. मारू का? शिवाय हवेतल्या किरणोत्सारी रेडॉन वायूच्या पिल्लावळीचा (त्याच्यापासून तयार होऊन फिल्टरवर बसणाऱ्या अल्पायुषी मूलद्रव्यांचा) गोंधळ टाळायला मोजणीआधी फिल्टर तीन-चार दिवस ठेवतो (थोरॉन, म्हणजे थोरियमपासून होणारा रेडॉन, त्याच्याकडून येणाऱ्या शिसे-२१२ चं अर्धायुष्यच १०.६ तास), तेवढ्यातही काही सांडत असेल का?

लेंडीकाठ:
स्प्रे अजिबात नको. अल्फाचा पल्ला पाण्यासारख्या पदार्थात ४० मायक्रॉनच्या आसपास, त्यावर स्प्रेचा थर चढवलास तर मोजणी आणखी पडेल. फवाऱ्याच्या झोताने धूळ उडेल ते वेगळंच, आणि वजनही बिघडेल.

प्लास्टिक पाकीट आधी बंद कर. कोरड्या हवेत त्यावर स्थिर वीज साचते, कण ओढून घेते. आमच्याकडे उन्हाळ्यात तर विचारू नकोस. त्यापेक्षा फिल्टर होल्डरमधून काढूच नकोस. पंप बंद झाला की होल्डरला दोन्हीकडून टोपणं लाव, धुळीची बाजू वर ठेव, लॅबमध्येच उघड. होल्डर एकच असेल तर सपाट तळाची स्टीलची डबी घे, कडेवर रिंग बसव म्हणजे फिल्टर हलणार नाही. चिमटा बोथट, आणि पकड फक्त कडेला.

आणि आठ तास कशाला? दोन-दोन तासांचे चार फिल्टर घे. पातळ थर ग्लास फायबरमध्ये मुरून बसतो, जाड थराची खपली निघते. एक कोरा फिल्टरही प्रत्येक खेपेला सोबत ने, त्यावर जे दिसेल ते प्रवासाचं.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा. होल्डर एकच आहे, त्यामुळे डबीच. आईच्या मसाल्याच्या डब्यातली वाटी मोजली, ५८ मिमी निघाली. झाकण नाही तिला. चार फिल्टर केले तर प्रत्येकावर मोजणी कमी येईल, ती बॅकग्राउंडच्या वर दिसायला काउंटरवर किती वेळ ठेवू?

लेंडीकाठ:
बॅकग्राउंड जेवढा वेळ मोजतोस, निदान तेवढाच. रात्रभर लावून सोड. आणि आईची वाटी जागेवर ठेव रे, नवी डबी घे, ती परत स्वयंपाकघरात जाता कामा नये.