फ्यूजनची वीज आली तर सोलापूरला काय मिळंल?

लूमवाला_अक्कलकोटरोड:
नमस्कार मंडळी. आमचं टेरी टॉवेलचं छोटं युनिट हाय, १६ लूम. सूत आणि लाइट बिल, ह्या दोन्हीतच जीव जातो. पोरगा डिप्लोमा मेकॅनिकलला हाय, तो सारखा फ्यूजनचं, म्हणजे हलके अणू एकमेकांत जोडून ऊर्जा काढायचं, वाचतो. काल म्हणाला, पप्पा इंग्लंडमध्ये कोळशाच्या जुन्या प्लांटच्या जागेवर फ्यूजनचा प्लांट करायचं ठरलंय, मग आपल्या फताटेवाडीच्या एनटीपीसीचं पण उद्या तसं का होऊ नये? असलं काही आलं तर आपल्या भागाला फायदा काय, बिल कमी होईल का?

फिजिक्सवाले_सर:
पोराचं बरोबर आहे. नॉटिंगहॅमशायरमधलं वेस्ट बर्टन, २०२२ ला जागा ठरली, २०४० पर्यंत प्लांट चालू करायचं टार्गेट आहे. कोळशाच्या जागेवर हाय टेन्शन लाइन, जमीन, पाणी आणि टर्बाइनवर हात बसलेली माणसं असं सगळं आयतं मिळतं, कारण फ्यूजनमध्ये पण शेवटी उष्णता घेऊन पाणी उकळून वाफेवरच टर्बाइन फिरवायचं असतं, फक्त भट्टीच्या जागी १५ कोटी डिग्रीचा प्लाझ्मा, म्हणजे तापून वीजभारित झालेला वायू.
पण बिलाची आशा धरून बसू नका. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत लेझरनं २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकून फ्यूजनमधून ३.१५ काढले, पण लेझर चालवायलाच ३०० च्या आसपास लागले होते. फ्रान्समध्ये बऱ्याच देशांनी मिळून उभारायला घेतलेल्या ईटर ह्या फ्यूजन मशीनचं ड्युटेरियम-ट्रिटियमवर, म्हणजे हायड्रोजनच्या दोन जड प्रकारांच्या खऱ्या इंधनावर, चालायचं साल आता २०३९ धरलंय.

मोहोळची_ताई:
सर, पाणी उकळायचंच असेल तर पाणी उजनीचंच ना? एनटीपीसीला पण तिथूनच पाइपलाइन आहे आणि शहरात नळाला कित्येक वर्षं चार-पाच दिवसांनी पाणी येत आलंय. राख नाही, कोळशाच्या वॅगन नाहीत हे लई चांगलं, पण पाण्याचा हिशोब आधी मांडल्याशिवाय मी तरी हो म्हणणार नाही.

फिजिक्सवाले_सर:
ताई, एकदम मुद्द्याचं बोललात. कूलिंगला पाणी लागणारच, ते फ्यूजननं सुटत नाही.

टिगवेल्डर_चिंचोली:
दादा, प्लांट कधी येईल ते येऊ द्या, काम आजपण चालू हाय. ईटरचा क्रायोस्टॅट, म्हणजे सगळ्या मशीनभोवतीचं स्टीलचं भांडं, ३८५० टनाचं, ते आपल्या भारतानं दिलंय, हजीऱ्याला एल अँड टीनं तुकड्यांत बनवून जहाजानं फ्रान्सला पाठवलं आणि तिथं जोडलं. मी सुरतकडं दुसऱ्या एका शॉपमध्ये ८ वर्षं होतो. व्हॅक्यूमच्या भांड्याला नुसता वेल्ड दिसायला चांगला असून चालत नाही, हेलियम लीक टेस्ट, म्हणजे हेलियम वायूनं गळती शोधायची तपासणी, लागते, केसाएवढी भेग पण चालत नाही. असा टिग, म्हणजे टंगस्टनच्या कांडीनं बारीक वेल्डिंग, मारणारा आणि तो तपासणारा माणूस कायम कमी पडतो, आणि सोलापूरची पोरं मात्र पुण्याला जाऊन हेल्परचं काम करतात ह्याचं मला लई वाईट वाटतं. पोराला स्टेनलेसचं टिग आणि एनडीटी, म्हणजे माल न तोडता वेल्ड तपासायचं काम, शिकवा. आणि गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत टोकामॅक, म्हणजे प्लाझ्मा चुंबकानं धरून ठेवायचं मशीन, हाय, आदित्य नावाचं, १९८९ पासून, त्याचं पण वाचायला सांगा.

लूमवाला_अक्कलकोटरोड:
पोराला सगळं वाचून दाखवलं. रात्रभर त्या क्रायोस्टॅटचे फोटो बघत बसला होता. दादा, चिंचोलीत कुठल्या शॉपला लीक टेस्ट होते का, सुट्टीत आठ दिवस नुसतं उभं राहून बघू देतील का त्याला?