मदत हवी आहे: राजदूत ३५० चा डावा पिस्टन दुसऱ्यांदा सीझ झाला, आता क्रँककेस उघडावीच लागेल का?

सर्वांना नमस्कार.

माझ्या मामांची १९८६ सालची राजदूत ३५० मी गेली दोन वर्षे मिरजेतल्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा उभी करतो आहे. गेल्या महिन्यात तिच्या डाव्या सिलिंडरचा पिस्टन दुसऱ्यांदा सीझ झाला, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकला. पहिल्या वेळी मी नव्या रिंगांना दोष दिला होता, आता तसे म्हणता येत नाही. गाडीचा पूर्वेतिहास कळल्याशिवाय माझा प्रश्न नीट समजणार नाही, म्हणून तो आधी सांगतो.

ही गाडी ज्यांनी चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एस्कॉर्ट्सने यामाहाच्या परवान्यावर १९८३ पासून भारतात बनवलेली, ३४७ सीसीची, हवेने थंड होणाऱ्या दोन सिलिंडरांची, सहा गिअरची ही टू-स्ट्रोक गाडी आहे. सुरुवातीच्या एचटी (हाय टॉर्क) प्रकाराची ताकद ३०.५ अश्वशक्ती होती, नंतरच्या एलटीची (लो टॉर्क) २७. मामांची गाडी एचटी आहे. २००३ च्या सुमारास सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून त्यांनी ती सांगलीतल्या जुन्या घराच्या तळमजल्यावर उभी केली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराचे पाणी त्या खोलीत शिरले. पाच दिवस गाडी टाकीपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर घर साफ करण्यातच महिने गेले आणि गाडीकडे कोणी पाहिले नाही. मी ती मिरजेला आणली तेव्हा किक हलत नव्हती, दोन्ही सायलेंसरांत वाळलेला गाळ होता आणि पेट्रोलच्या टाकीच्या तळाला गंजाचा बोटभर थर होता.

टाकी, फ्रेम, वायरिंग आणि ब्रेक यांचे काम व्यवस्थित झाले आहे, त्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. इंजिनाबाबत मी केलेली एक गोष्ट मात्र आता मला खुपते. हेड आणि दोन्ही ब्लॉक काढल्यावर मी क्रँककेसमध्ये (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, म्हणजे क्रँक, ज्यात बसतो त्या खालच्या पेटीत) डिझेल आणि पातळ ऑईल ओतून आठवडाभर ठेवले. त्यानंतर क्रँक हाताने मोकळा फिरू लागला, कुठे खरखर जाणवली नाही, म्हणून डिझेलने तीन-चार वेळा धुऊन मी खालचा भाग न उघडताच ठेवला. वरचे काम पूर्ण केले: दोन्ही सिलिंडर ६४.५० मि.मी.ला बोअर केले, नवे पिस्टन आणि रिंगा बसवल्या, रीड वाल्वच्या पाकळ्या बदलल्या, दोन्ही कार्बोरेटर उघडून साफ केले आणि ठिणगी पाडणारे पॉइंट व कंडेन्सर नवे घातले.

इंजिन पहिल्याच दिवशी सुरू झाले. मामा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना फोनवर आवाज ऐकवला तेव्हा पलीकडून बराच वेळ काही उत्तर आले नाही. त्या आवाजासाठी मला हे काम नीट पूर्ण करायचे आहे.

पहिल्या सव्वाशे किलोमीटरनंतर, ताशी साठच्या वेगात, डावा पिस्टन पकडला. क्लच वेळेत दाबल्यामुळे मी पडलो नाही. उघडून पाहिले तर डाव्या पिस्टनवर सायलेंसरच्या बाजूला उभे ओरखडे होते, उजवा पिस्टन मात्र स्वच्छ होता. नवा पिस्टन घालून आणि ब्लॉक होन करून पुन्हा जोडणी केली आणि दीडशे किलोमीटरच्या आत तेच घडले. त्याच सिलिंडरमध्ये, त्याच बाजूला.

आतापर्यंत जे तपासले ते असे. पहिला संशय पेट्रोलवर होता. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलेच पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटांवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रांवर) मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, हे मला मान्य आहे. म्हणून दोन्ही बाजूंचे मेन जेट दोन आकडे मोठे केले. त्याने उजवा प्लग काळा झाला, डावा मात्र पांढराच राहिला. दुसरा संशय ऑईल पंपावर होता, कारण पंपातून दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या नळ्या जातात आणि एका नळीत हवा अडकली तर एकच बाजू कोरडी पडू शकते. तो दूर करण्यासाठी पंप चालू ठेवूनही टाकीत लिटरमागे ४० मि.ली. ऑईल मिसळून गाडी चालवली. दुसऱ्यांदा सीझ झाली ती याच मिश्रणावर. इनटेकच्या रबरांवर कार्बोरेटर क्लीनर फवारला, पण आरपीएम जराही बदलले नाहीत. दोन्ही बाजूंचे ठिणगीचे टायमिंग डायल गेजने टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर पोहोचतो त्या बिंदूच्या) आधी २ मि.मी.वर लावले होते.

याशिवाय दोन गोष्टी लक्षात आल्या आहेत. इंजिन गरम झाल्यावर थ्रॉटल सोडला तर आरपीएम लगेच खाली येत नाहीत. तीन हजारांच्या आसपास रेंगाळून मग सावकाश उतरतात. आणि डाव्या बाजूच्या पॉइंटची फट मी फिलर गेजने ०.३५ मि.मी. ठेवतो, पण क्रँकचे टोक हाताने वर दाबून मोजली तर ती ०.३० भरते आणि सोडल्यावर ०.४० च्या जवळ जाते.

एका मेकॅनिकने सांगितले की जेट आणखी मोठा करा, गाडी चालेल. दुसऱ्याने सांगितले की बोअर घट्ट आहे, पिस्टनला आणखी मोकळीक द्या. मी मोजलेली मोकळीक दोन्ही बाजूंना ०.०५ मि.मी. आहे. दोघांच्याही सांगण्याने माझे समाधान होत नाही, कारण बोअर घट्ट असता तर पिस्टनवर चार कोपऱ्यांत ओरखडे दिसले असते, एकाच बाजूला नव्हे, असे मी समजतो.

माझा प्रश्न असा आहे: हा दोष डाव्या क्रँक सीलचा, म्हणजे क्रँकच्या टोकाभोवती हवा अडवणाऱ्या कड्याचा, आहे असे मी मानू लागलो आहे, ते बरोबर आहे का? बरोबर असेल तर केवळ सील बदलून भागेल, की इंजिन फ्रेममधून उतरवून क्रँककेस उघडावीच लागेल? सहा गिअरचे इंजिन मी यापूर्वी कधी पूर्ण उघडलेले नाही. काम टाळायचे नाही, पण विनाकारण उघडून नवे दोषही निर्माण करायचे नाहीत.

प्रतिसाद

नमस्कार. तुमचे निदान बरोबर दिशेने आहे, पण ते एक पायरी आधी थांबले आहे. सील गेले असणार, याबद्दल मला फारशी शंका नाही; ते का गेले, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तुम्हीच पॉइंटच्या फटीच्या रूपाने लिहून ठेवले आहे.

या इंजिनात पॉइंट क्रँकच्या डाव्या टोकावर बसतात. ते टोक हाताने दाबल्यावर फट ०.१० मि.मी.ने बदलते, याचा अर्थ डाव्या बाहेरच्या बेअरिंगमध्ये तेवढा खेळ आहे. खेळ असलेल्या बेअरिंगवर कोणतेही नवे सील टिकत नाही, कारण क्रँक त्याच्या ओठाला प्रत्येक फेऱ्यात एका बाजूला ढकलत राहतो. शिवाय तुम्ही डायल गेजने लावलेले टायमिंग इंजिन चालू असताना त्या जागी राहत नाही. म्हणजे डाव्या बाजूला दोन संकटे एकदम आहेत: सीलमधून फुकटची हवा शिरून मिश्रण पातळ होते आणि ठिणगी कधी लवकर, कधी उशिरा पडते. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम रेंगाळतात तेही याच हवेमुळे. उजवे सील गेले असते तर लक्षणे वेगळी असती; तिथे क्लचकडचे गिअर ऑईल आत ओढले जाते आणि उजव्या सायलेंसरमधून पांढरा धूर थांबत नाही. इथेनॉलचा दोष असता तर दोन्ही प्लग सारखे पांढरे झाले असते. त्यामुळे जेट मोठा करण्याचा सल्ला कृपया मनावर घेऊ नका. हवेची गळती जेटने भरून काढता येत नाही.

इंजिन उतरवण्याआधी एक चाचणी अवश्य करा. रक्तदाब मोजायच्या काट्याच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ घ्या. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढा आणि त्यात पितळी नळी बसवा. दोन्ही एक्झॉस्ट ट्यूबच्या रबराने आणि पट्टीने बंद करा, दोन्ही इनटेक रबरांत बूच घाला. दोन सिलिंडरांच्या मध्ये क्रँकवर रबरी सील नसून चक्रव्यूहासारख्या खाचांचे धातूचे सील असते, त्यातून दाब एका बाजूकडून दुसरीकडे जातो; म्हणून एकच बाजू बंद करून ही चाचणी होत नाही, हे ध्यानात ठेवा. दाब काट्यावर २५० (मि.मी. पारा) पर्यंत न्या, म्हणजे तो दर चौरस इंचाला सुमारे पाच पौंड होईल. काटा मिनिटाला पन्नासाहून अधिक उतरला तर गळती नक्की समजा. मग डाव्या बाजूचा रोटर काढून सीलभोवती साबणाचे पाणी लावा. बुडबुडे कुठून येतात ते डोळ्यांनी दिसेल.

आता केस उघडण्याबद्दल. पुरात पाच दिवस राहिलेला आणि नंतर काही वर्षे तसाच पडून असलेला क्रँक न उघडता चालवणे मला योग्य वाटत नाही. पाणी क्रँककेसच्या तळाशी साठते आणि बेअरिंगचे जे गोळे त्या पाण्यात बुडालेले असतात त्यांवर खड्डे पडतात. हाताने फिरवताना ते जाणवत नाहीत, सहा हजार आरपीएमला जाणवतात. चार मुख्य बेअरिंगांपैकी बाहेरची दोन पुलरने निघतात, पण आतली दोन बदलण्यासाठी क्रँक प्रेसवर वेगळा करावा लागतो आणि पुन्हा जोडताना दोन्ही पिनांमध्ये बरोबर १८० अंश ठेवून सरळ करावा लागतो. हे घरी करू नका. तुम्ही मिरजेला आहात, कोल्हापूरची शिवाजी उद्यमनगर ही औद्योगिक वसाहत तुम्हाला जवळ आहे. मात्र ज्याच्याकडे काम द्याल त्याच्याकडे क्रँक दोन टोकांवर टेकवून डायल गेज लावायची सोय आहे का, हे आधी स्वतः पाहा. नुसते डोळ्यांनी पाहून हातोडीने सरळ करणाऱ्याच्या हाती तो देऊ नका, हे मी कळकळीने सांगतो.

केस आडवी उघडते, म्हणून इंजिन उलटे ठेवून खालचा अर्धा भाग उचलायचा, म्हणजे गिअर वरच्या भागात आपापल्या जागी राहतात. नट-बोल्टांशेजारी आकडे कोरलेले आहेत. घट्ट करताना तो क्रम पाळा आणि प्रत्येक फेरीनंतर क्रँक हाताने फिरवून पाहा. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावरची पिन आपल्या खाचेत बसली नसेल तर क्रँक त्याच क्षणी जड होतो, आणि तसेच आवळत गेलात तर केसला तडा जाईल. सील घेताना साध्या रबराऐवजी व्हिटॉनची घ्या, ती इथेनॉलच्या पेट्रोलला अधिक टिकतात. क्रँकवर सील जिथे घासते ती जागा नखाने तपासा. नख अडकले तर तिथे हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्यावे लागेल, नाहीतर नवे सीलही गळेल. तुमच्या ब्लॉकला आणखी बोअर करण्याची घाई करू नका. खालचे काम झाल्याशिवाय वरचे माप घेण्यात अर्थ नाही.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर, सात आठवड्यांनी

आपले मनःपूर्वक आभार. कळवण्यास उशीर झाला, कारण क्रँक तयार होऊन येण्यासच महिना लागला.

चाचणीत काटा एका मिनिटात २५० वरून ९० वर आला आणि बुडबुडे डाव्या सीलच्या खालच्या कडेने आले. केस उघडल्यावर डाव्या बाहेरच्या बेअरिंगच्या तीन गोळ्यांवर डोळ्यांना दिसणारे खड्डे होते, आतल्या दोन बेअरिंगांतही गंज होता आणि क्रँककेसच्या एका कोपऱ्यात, जिथे माझे डिझेल पोहोचलेच नव्हते, तिथे नदीचा गाळ विटेसारखा घट्ट बसला होता. तो मी चमच्याने खरवडून काढला. उजवे सील वरवर चांगले दिसत होते, तरीही बदलले.

उद्यमनगरातल्या ज्या कारखान्यात काम दिले तिथे त्यांनी क्रँक जोडल्यावर डायल गेज माझ्यासमोर लावून दाखवला. चारही बेअरिंगे, दोन्ही बाजूंच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाची बेअरिंगे आणि पिना नव्या घातल्या आहेत. डावीकडच्या सीलच्या जागी नख अडकत होते, म्हणून तिथे क्रोम केला. ब्लॉक पुन्हा मोजला. डावीकडे मोकळीक ०.०५५ मि.मी. भरली, तेव्हा बोअर न वाढवता त्याच मापाचा नवा पिस्टन घातला. नट आवळताना दुसऱ्या फेरीला क्रँक जड झाला होता. आपले वाक्य आठवले म्हणून तिथेच थांबलो. उजवीकडच्या बेअरिंगची पिन खाचेबाहेर होती.

जोडणीनंतरच्या चाचणीत काटा सहा मिनिटांत २५० वरून २३५ वर आला. पॉइंटची फट आता दाबून मोजली तरी ०.३५ च राहते. मेन जेट एक आकडा मागे घेतला आहे. आतापर्यंत दोनशे ऐंशी किलोमीटर चार हजार आरपीएमच्या आत चालवली, दोन्ही प्लग सारखे तपकिरी आहेत आणि थ्रॉटल सोडला की आरपीएम सरळ खाली येतात.

एक लहान शंका उरली आहे. तीन हजारांच्या थोडे वर थ्रॉटल अर्धा उघडताना इंजिन क्षणभर अडखळते आणि मग मोकळे होते. सुई एक खाच खाली करून पाहणार आहे. रनिंग-इन संपेपर्यंत थांबून ते करावे, की आत्ताच केलेले बरे, एवढे कृपया सांगावे.